मधले तास

सकाळी सहाच्या ठोक्याला शर्यत सुटली तेव्हा तहसीन पिटच्या मागच्या खोलीत टायरांच्या थप्पीला पाठ लावून, डोळे मिटून बसली होती. झोप लागलेली नव्हती. शर्यतीच्या दिवशी ती कधीच लागत नाही. पण डोळे मिटलेले दिसले की लोक बोलायला येत नाहीत, एवढं ती सात वर्षांत शिकली होती. बाहेर चौतीस गाड्या एकदम गरजल्या, खोलीचा पत्रा थरथरला आणि आवाज वाळवंटाच्या बाजूला निघून गेला. सुरुवात प्लॉयनं केली असणार. फोटोवाल्यांनी तिचे पोटभर फोटो काढले असणार. काढू देत. चोवीस वर्षांची थायलंडची पोर, हेल्मेट काढलं तरी केस जागच्या जागी. तहसीननं हेल्मेट काढलं की ती थेट मोरीतून भांडी घासून उठल्यासारखी दिसायची, आणि वय त्रेचाळीस.

शर्यत बारा तासांची. एक गाडी, तीन ड्रायवर. एकीनं चालवायची, पेट्रोल संपत आलं की पिटमध्ये आणायची, तिथे टाकी भरायची, हवा तर ड्रायवर बदलायचा आणि पुन्हा बाहेर. मलेशिया, थायलंड, इंडोनेशिया असं फिरत वर्षाला अशा पाच शर्यती होतात, आणि त्यांच्यात फक्त बायकांची अशी ही एकच टीम. यंदा आयोजकांना काय सुचलं कोण जाणे, शेवटची शर्यत त्यांनी अबूधाबी आणि दुबईच्या मधल्या वाळवंटात आणून ठेवली. तहसीनचं घर मोहम्मद बिन झायद सिटीत, म्हणजे इथून पाऊण तासावर. इतकी वर्षं ती विमानानं शर्यतीला जात होती; यंदा शर्यत आपल्या पायांनी तिच्या दारी आली होती.

टीममधली वाटणी ठरलेली. सुरुवात प्लॉयची, शेवट दिआहचा. दिआह जकार्ताची, एकतीसची, शेवटच्या तासात समोरच्याच्या अंगावर जाऊन जागा काढणारी. आणि मधले तास तहसीनचे. मधले तास म्हणजे लग्नघरातली जेवणानंतरची दुपार. मंडपात कुणी नसतं, कॅमेरावाला आडवा झालेला असतो, पण मागच्या अंगणात कुणीतरी पातेली घासत असतंच. ती घासली नाहीत तर रात्रीची पंगत बसत नाही. मधल्या तासांत डोक्यावर ऊन असतं, रस्ता तापून निसरडा झालेला असतो, गाडीच्या आत पन्नास डिग्रीच्या वर जातं आणि काम एकच असतं: गाडी मोडायची नाही, पेट्रोल उधळायचं नाही, मिळालेली जागा घालवायची नाही. हे काम तहसीनसारखं कुणाला जमत नाही असं टीममध्ये सगळे म्हणत. म्हणत, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच काम तिच्या गळ्यात घालत. चांगल्या कामाचं बक्षीस म्हणजे आणखी काम, हा कायदा सगळ्या देशांत सारखाच आहे.

आठवड्याचे सहा दिवस तहसीन घराजवळ मुसफ्फातल्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांना गाडी शिकवायची. शेजारच्या सीटवर बसायचं, पायाशी एक जादा ब्रेक, आणि तोंडानं अखंड जप: घाबरू नका, आरसा बघा, यल्ला, चला, आता वळा. हिंदीत, इंग्रजीत, मोडक्या अरबीत. तिथेच तिला काक अझीझा भेटली. काक म्हणजे मलेशियात ताई. नवऱ्याच्या नोकरीपायी इकडे आलेली, पन्नाशीची, चार वेळा परीक्षेत नापास झालेली बाई. तहसीनच्या हाताखाली ती पाचव्यांदा पास झाली, आणि सबंध शिकवणीत तहसीननं तो जादा ब्रेक एकदाही दाबला नाही. हे काकच्या मनात घट्ट बसलं. पुढे मलेशियात परतल्यावर भावाचं रेसिंगचं गॅरेज तिच्या हाती आलं, तेव्हा तिनं बायकांची टीम काढली आणि पहिला फोन तहसीनला केला. "तू घाबरत नाहीस," काक म्हणाली. तहसीन घाबरायची की! पण घाबरायला सवड तर हवी ना माणसाला.

आता अब्बांचं. खैरुद्दीन, वय अठ्ठ्याहत्तर, मूळ दाभोळचे. एकतीस वर्षं त्यांनी खोर फक्कानच्या बंदरातून शारजापर्यंत डोंगरातून कंटेनरचा ट्रेलर ओढला. तहसीनला गाडी त्यांनीच शिकवली, शुक्रवारी दुकानं बंद असताना, शारजा औद्योगिक क्षेत्रातल्या एका मोकळ्या प्लॉटवर. लेक शर्यती करते याचा त्यांना अभिमान आहे की राग, हे त्यांनी कधी कळू दिलं नाही. शर्यती मात्र ते मोबाईलवर बघत. मोबाईलवर काय दिसतं? सुरुवात दिसते आणि शेवट दिसतो. सात वर्षांत लेक त्यांना एकदाही गाडीत दिसली नाही. मागच्या ईदला भरल्या घरात त्यांनी विचारलं, "तहसीन, खरं सांग, तू त्या गाडीत बसतेस की टीमला चहा करून देतेस?" सगळे हसले. तहसीनही हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली.

येत्या मंगळवारी अब्बा कायमचे गावी चालले होते. अम्मी, म्हणजे ताजबी, महिन्यापूर्वीच पुढे जाऊन दाभोळचं घर उघडून बसली होती. इकडचं सगळं खलास. म्हणजे अब्बांना स्वतःच्या डोळ्यांनी बघता येईल अशी ही पहिली शर्यत, आणि शेवटचीही. म्हणून तहसीननं सात वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडून काही मागितलं. "काक, या वेळी शेवट मला दे. अब्बा बघायला येणार आहेत." काकनं दिआहकडे बघितलं. दिआहनं दोन्ही हात पुढे करून 'घे बाई' असं केलं, आणि ठरलं. शेवटचा तास तहसीनचा. अब्बांना तिनं चार चार वेळा बजावलं, "पाचला या. आधी येऊन उन्हात बसू नका. मी शेवटच्या तासाला गाडीत आहे, आमची गाडी हिरवी, सत्तावीस नंबर."

मधल्या तासांचं तिनं सांगितलंच नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?

आठ वाजता प्लॉय पिटमध्ये आली, तहसीन आत बसली. टाकी भरायला काकनं इथलाच माणूस घेतला होता, तीन दिवसांपुरता. परेश, संगमेश्वरचा, शारजात गॅरेजमध्ये बावीस वर्षं काढलेला, जाड सूट घालून होज खांद्यावर धरून उभा. त्यानं झाकण लावलं, गाडीच्या टपावर दोनदा थाप मारली आणि ती निघाली. एका टाकीत साठ मिनिटं, असा हिशेब होता. साठ मिनिटं झाल्यावर रेडिओवर काकचा आवाज आला, "पेट्रोल?"

"आहे. अजून आठ लॅप."

"खरंच?"

"आहे म्हणते ना."

हीच तहसीनची हातोटी. पाय कधी उचलायचा, उतारावर गाडी किती आपोआप जाऊ द्यायची, पुढच्याच्या आडोशाला किती वेळ राहायचं, हे तिला आकड्यांनी नाही, पायाच्या चवड्यानं कळायचं. थेंबे थेंबे तळे साचे. साठ मिनिटांच्या टाकीत तिनं अठ्ठ्याहत्तर मिनिटं काढली. पिटमध्ये आली तेव्हा परेशनं लांबूनच अंगठा दाखवला आणि काकनं तिच्या पाठीवर थाप मारली.

सव्वाअकराला ती पुन्हा बसली. या वेळी ओळीनं दोन टाक्या, मध्ये न उतरता. हे तास खरे वैऱ्याचे. ऊन काचेतून मांडीवर पडत होतं. पाण्याची नळी अर्ध्या तासात गरम झाली आणि पुढे तिच्यातून चहाच येत होता म्हणायचा, बिनसाखरेचा. डावा खांदा दुखत होता. गेल्या वर्षीपासून तो दुखतो आणि ती कुणाला सांगत नाही. एका वळणावर दोन गाड्या एकमेकींच्या अंगावर धावत होत्या. तहसीन मागे राहिली. भांडू दे. तिसऱ्या लॅपला दोघी खडीत जाऊन रुतल्या आणि ती बाजूनं निघून गेली. जोरात जायला फारशी अक्कल लागत नाही, असं तिचं मत होतं. पण हे ती कुणाला ऐकवत नसे, कारण हळू जाणाऱ्यानं ते म्हटलं की कोल्ह्याला द्राक्षं आंबट होतात.

एक वाजून एकावन्न मिनिटांनी ती बाहेर पडली. परेशनं हात देऊन ओढली नसती तर ती तिथेच बसून राहिली असती. दोन टाक्यांत एकशे छप्पन्न मिनिटं. दिवसभरात एक थांबा कमी करावा लागणार होता, आणि एवढ्यावरच ते त्यांच्या वर्गात, म्हणजे तेवढ्याच ताकदीच्या गाड्यांत, पहिल्या जागी आले होते. सात वर्षांत पहिल्यांदा पहिले! मेकॅनिक पोरी नाचत होत्या. दिआह गाडी घेऊन बाहेर पडली होती. तहसीननं मागच्या खोलीत सूट कमरेपर्यंत उतरवला, डोक्यावर ओढणी घेतली आणि दुपारची नमाज खुर्चीवर बसूनच पढली. गुडघे जमिनीला लागायला तयार नव्हते. मग दोन केळी खाऊन ती टायरांना टेकली, आणि चक्क झोपली.

जाग आली ती साडेचारला. लिंबूपाणी हातात घेऊन ती पिटमध्ये आली आणि भिंतीवरचा तक्ता बघत उभी राहिली. काक हाडाची जुनी बाई. कॉम्प्युटर असला तरी तक्ता ती स्वतःच्या हातानं लिहायची. प्रत्येकीच्या नावापुढे किती तास झाले ते. तहसीनच्या नावापुढे लिहिलं होतं: एक, दोन. एकूण तीन तास. शेवटचा एक बाकी.

तहसीन घोट घेता घेता थांबली.

नियम साधा होता आणि सगळ्यांना पाठ होता. बारा तासांत एका ड्रायवरनं साडेचार तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, नाहीतर गाडी बाद. काकनं तिच्या टाक्या मोजल्या होत्या: तीन टाक्या, तीन तास. पण टाकी तर तहसीननं ताणली होती. दर टाकीला अठरा मिनिटं. तीन टाक्यांची चोपन्न. दिवसभर सगळ्यांनी त्या मिनिटांसाठी टाळ्या वाजवल्या, आणि ती मिनिटं शेवटी कुणाच्या नावावर पडतात हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. तहसीनच्याही नाही.

ती परेशकडे गेली. "परेशभाऊ, दुपारी मला किती वाजता बाहेर काढलंत?"

"एक एक्कावन. मी घड्याळ बघूनच होज लावतो. का हो ताई?"

"आणि सकाळी?"

"नऊ अठरा."  परेशनं तक्त्याकडे बघितलं, बोटं मोजली आणि त्याचा चेहरा उतरला. "आयला. तीन चोपन्न."

"छत्तीस मिनिटं उरलीत माझ्याकडे."

"आणि लास्ट स्टॉप पाच दहाला. म्हणजे पन्नास मिनिटं चालवायचीय. चौदा मिनिटं जास्ती होणार." परेशनं आवाज खाली आणला. "ताई, तुम्हाला एक सांगू का? हात दाखवून अवलक्षण कशाला? तक्ता तुम्ही लिहिलेला नाही. मॅडमनं लिहिलाय. तुम्ही बसा, यल्ला, गाडी आणा. चेकिंगवाले रेकॉर्ड बघणार ते रेस झाल्यावर, आरामात, आठ-साडेआठला. तोपर्यंत तुमचे अब्बा बघून घरी गेलेले असतील."

परेश काही वाईट माणूस नव्हता. त्याचे स्वतःचे वडील त्यानं अकरा वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर पोचवले होते, म्हणून तो असं म्हणत होता. आणि तो म्हणत होता त्यात खोट काहीच नव्हती. अब्बा बघतील, उठतील, घरी जातील. निकाल नंतर फिरेल. फिरला तर चूक काकच्या तक्त्याची. तहसीनला फक्त गप्प बसायचं होतं, आणि गप्प बसायची सवय तिला सात वर्षांची होती.

ती पाच-सात मिनिटं तिथेच उभी राहिली. तिला राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. उधळेपणानं चालवली असती, प्लॉयसारखी, टाकी पंचावन्न मिनिटांत संपवली असती, तर शेवटचा तास आज तिचाच होता. आयुष्यभर जपून वागलं, काटकसर केली, दुसऱ्याचं वाचवलं, त्याचं हे फळ. एकच गोष्ट मागितली होती. एकच.

समोर काक अझीझा उभी होती. साठीची बाई, पहाटे पाचपासून बूड टेकलेलं नाही, कानाला रेडिओ, पायाला सूज. ही बाई संध्याकाळी कप हातात घेईल आणि रात्री कुणीतरी येऊन तो तिच्याकडून परत मागेल. तेलही गेलं, तूपही गेलं. आणि मग तहसीननं तिच्यासमोर उभं राहून 'अरे देवा, हे कसं झालं' असा चेहरा करायचा. तहसीनला त्या चेहऱ्याचाच शीण आला. खोटेपणालाही अंगात जोर लागतो, आणि आज तिचा सगळा जोर त्या दोन टाक्यांत संपला होता.

"काक," ती म्हणाली, "तक्ता चुकलाय. माझे तीन चोपन्न झालेत."

काकनं तक्त्याकडे बघितलं, मग स्क्रीनकडे, मग पुन्हा तक्त्याकडे. ती खाली बसली. दिवसात पहिल्यांदा.

"छत्तीस मिनिटं आहेत तुझ्याकडे," काक म्हणाली. "मी दिआहला अजून जरा ठेवते, मग एक थांबा जास्त घेऊ. शेवटची पस्तीस मिनिटं तू घे."

"एका थांब्याची चार मिनिटं जातात. आपण दोन मिनिटांनी पुढे आहोत."

"मला माहीत आहे."

"मग पहिला नंबर जाईल."

"मला माहीत आहे, तहसीन. तुझे वडील येणार आहेत."

असं म्हणायला नको होतं काकनं. रागावली असती तर बरं झालं असतं. तहसीननं लिंबूपाण्याचा उरलेला घोट संपवला. "प्लॉयला बसव," ती म्हणाली. "तिच्याकडे तास उरलेत. पहिल्यांदा पुढे आहोत, काक. माझ्यापायी मागे येऊ नका."

पाच वाजून दहा मिनिटांनी दिआह आली, परेशनं होज लावली, प्लॉय आत बसली. तहसीननं तिच्या खांद्यावरचे पट्टे स्वतः आवळून दिले. पिटच्या समोर, रस्त्यापलीकडे प्रेक्षकांचा सज्जा होता, दुपारी ओस पडलेला, आता बऱ्यापैकी भरलेला. पहिल्याच नजरेत तिला अब्बा दिसले. पांढरी टोपी, राखाडी स्वेटर, शेजारी तहसीनची लेक नबिला. हिरवी सत्तावीस नंबरची गाडी पिटमधून सुटली तसे अब्बा उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात हलवले. हेल्मेटमध्ये कोण आहे हे लांबून कळत नाही. सगळी हेल्मेटं सारखीच.

तहसीन झटकन मागे सरकली, परेशच्या आडोशाला. आपण इथे उभ्या दिसलो तर ते बसतील, एवढंच तिच्या मनात आलं. बघू देत. एक तास तरी बघू देत. त्या तासभर ती पिटच्या अंधाऱ्या कोपऱ्यातून शर्यत बघत नव्हती, बापाला बघत होती. गाडी समोरून गेली की म्हातारा उठायचा, गेली की बसायचा. नमाजातही एवढ्या उठबशा त्यांना आता झेपत नाहीत.

सहाला शर्यत संपली. ते पहिले आले. मेकॅनिक पोरी एकमेकींच्या गळ्यात पडल्या, प्लॉय टपावर चढली, काक कप घेऊन ढसाढसा रडली. चौथऱ्यावर तिघी ड्रायवर उभ्या राहिल्या, तहसीन एका कडेला. चेकिंगवाल्यांनी रेकॉर्ड बघितलं. सगळं नियमात होतं. परेशनं जाताना हात जोडले. "तुमच्यामुळं कप राहिला ताई," तो म्हणाला. ते ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

अब्बा घरी गेलेच नव्हते, पार्किंगमध्ये गाडीला टेकून उभे होते. तहसीन जवळ आली तसा त्यांनी हात तिच्या घामट डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ उचललाच नाही.

"आणलीस की गाडी," ते म्हणाले. "पाहिलं. शेवटपर्यंत आणलीस."

नबिलानं मोबाईलमधून मान वर केली. एकोणीस वर्षांची मुलगी. गाडीत कोण आहे ते दर मिनिटाला तिच्या ॲपवर दिसत होतं. "बट मामा, दॅट वॉज..."

तहसीननं तिच्याकडे बघितलं. नबिलानं पुन्हा मोबाईलमध्ये डोकं घातलं.

"हो, अब्बा," तहसीन म्हणाली. "आणली."

झालं. इतक्या सहज निघालं तोंडून. टीमशी खरं बोलायला तिला पाच-सात मिनिटं लागली होती, बापाशी खोटं बोलायला श्वासही लागला नाही.

नबिला चालवायला बसली, अब्बा पुढे, तहसीन मागे. तिनं बूट काढले आणि पाय सीटवर घेतले. हायवे लागला. अब्बांनी आधी सज्जातल्या खाण्याचा समाचार घेतला. "एका बर्गरचे चाळीस दिरहम. म्हणजे हजार रुपये! हजारात दाभोळला अख्खं घर मासे खाईल. आणि दोन खाल्ले हिनं."

"नाना, आय वॉज हंग्री. वी वेअर देअर सिन्स ट्वेल्व."

"बारा?" तहसीन मागून म्हणाली. "मी पाचला सांगितलं होतं ना?"

"मामा, आय टोल्ड हिम. ही डिडन्ट लिसन. मला असाइनमेंट होती, मी तिथेच लॅपटॉप घेऊन बसले, इअरबड्स लावून."

"घरी बसून काय करू?" अब्बा म्हणाले. "बांधलेल्या बॅगा बघू? आलो बाराला. बसलो. शांत होतं."  आरशातून त्यांनी मागे बघितलं. "तहसीन, एक सांगू? रागावू नकोस."

"बोला ना."

"तू चांगली चालवतेस. बापाला शोभेल अशी. पण शेवटी फार घाई करत होतीस. त्या डाव्या वळणाला दर वेळी मागचं चाक बाहेर. कशाला? पुढे तर होतीस. धाकधूक झाली मला."

"हो, जरा घाई झाली."

"दुपारी तुमच्या गाडीवर एक बाई होती. मी आलो तेव्हा होती, दोन वाजेपर्यंत होती. ती कोण?"

 नबिलाचा पाय एक्सिलरेटरवरून किंचित उठला. गाडीला ते कळलं.

"मलेशियाची का? ती ड्रायवर, तहसीन. ती ड्रायवर! चाळीस-पन्नास चकरा मी मोजल्या. दर चकरीला त्याच जागी पाय उचलायची, त्याच जागी वळायची. मागे अंड्यांचे क्रेट असते तरी एक अंडं फुटलं नसतं. पुढे दोघे मारामारी करत होते, तर ही मागे थांबली. मी मनात म्हटलं, शाबास, थांब, आता हे दोघे मरतात. आणि मेले! खडीत. ही गेली निघून, आवाज नाही, तमाशा नाही. एकतीस वर्षं मी त्या डोंगरातून गाडी ओढली, अशी चालवणारी माणसं मला दोनच भेटली. त्यातला एक मेला." ते हसले. "सज्जात होतं कोण? मी आणि झाडूवाले. कुणी टाळी नाही वाजवली. मग मीच वाजवली. तिला कुठून दिसणार म्हणा."

"मामा," नबिला आरशात बघत हळूच म्हणाली, "टेल हिम. प्लीज."

तहसीननं मान हलवली. नाही. काय सांगायचं? ती मी होते म्हणायचं, तर शेवटी मी नव्हते हेही म्हणावं लागणार, आणि मग ते म्हणणार की आता दुसऱ्या बाईची वाहवा लाटायला निघालीस. आणि समजा त्यांनी मानलं, तरी काय? लेक आहे म्हणून बाप कौतुक करतो, असं तिला जन्मभर वाटत राहिलं असतं. हे कौतुक लेकीचं नव्हतं. हे नुसत्या एका ड्रायवरचं होतं, ओळखदेख नसताना, रिकाम्या सज्जात बसून केलेलं. असं कौतुक तिला आजवर कुणी केलं नव्हतं, आणि ते घ्यायला तिला हात पुढे करता येत नव्हता.

"तिला फोन करशील तेव्हा सांग," अब्बा म्हणाले, "की दाभोळचा एक म्हातारा टाळ्या वाजवत होता म्हणून. आणि तू शिक जरा तिच्याकडून. वय झालं म्हणून लाजू नकोस."

"शिकते, अब्बा," तहसीन म्हणाली, आणि रडणं पुढे ऐकू जाऊ नये म्हणून तिनं खिडकीची काच खाली केली.